वडिलांच्या नावाने आयटीआयच्या मुलांना शिष्यवृत्ती: रक्कम ठरवण्याआधी तारीख ठरवा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडील पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये (साचे आणि हत्यारं बनवणाऱ्या विभागात) ग्राइंडर, म्हणजे धातू घासून अचूक मापात आणणारे कारागीर होते, गेल्या वर्षी ते गेले. तुम्ही तिघं भावंडं मिळून बारा लाख रुपये बाजूला काढणार आहात आणि त्यांच्या नावाने, त्यांच्यासारखं मशिनवरचं काम शिकणाऱ्या मुलांना शिष्यवृत्ती देणार आहात. दरवर्षी २६ जानेवारीला, दहावीच्या टक्केवारीप्रमाणे पहिल्या तिघांना पंचवीस-पंचवीस हजारांचा चेक द्यावा, असा बेत आहे. तो योग्य आहे का, पैसे कुठे ठेवावेत आणि करसवलत मिळेल का, हे तुम्ही विचारलं आहे.

मी शासकीय आयटीआयमध्ये मशिन ग्रुपचा शिल्प निदेशक, म्हणजे वर्कशॉपमध्ये शिकवणारा शिक्षक होतो. निवृत्तीनंतर अशा काही शिष्यवृत्त्यांच्या निवड समितीवर बसतो. तुमच्याकडे पैसा पुरेसा आहे. पण बेतातल्या दोन गोष्टी बदलाव्यात असं मी आग्रहाने सांगेन: २६ जानेवारी ही तारीख आणि दहावीची टक्केवारी हा निकष. जानेवारीपर्यंत ज्यांना पैशाची खरी निकड होती ती मुलं गळालेली असतात, आणि टक्केवारीवरून कुणाच्या हातात कसब आहे हे कळत नाही.

आधी तारखेचं बघू. आयटीआयच्या प्रवेशफेऱ्या पावसाळ्यात चालतात. यादीत नाव लागलं की मोजक्या दिवसांत मूळ दाखले घेऊन हजर व्हावं लागतं. भोर-वेल्ह्याकडच्या मुलाला पुण्यात औंधला जागा मिळाली, किंवा सुरगाण्याच्या मुलाला नाशिकला सातपूरला मिळाली, की घरात आनंद होतो आणि लगेच हिशेब सुरू होतो. वसतिगृहात जागा नसेल तर खोली बघायची, तिचं डिपॉझिट भरायचं, खाणावळीचे पैसे आगाऊ द्यायचे, खाकी किंवा निळा गणवेश शिवायचा, सेफ्टी शूज घ्यायचे, ड्रॉइंगचं साहित्य आणायचं. हे सगळं एकाच पंधरवड्यात येतं, आणि तेव्हा शेतात भात लावणी चालू असते किंवा नुकतीच झालेली असते. म्हणजे घरातला पैसा जमिनीत गेलेला असतो आणि हातात काही नसतं.

शासकीय आयटीआयची फी हा त्या मानाने लहान खर्च आहे. खासगी आयटीआयची फी मोठी असते. केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्या पात्र मुलांना महाडीबीटी या शासनाच्या पोर्टलवरून शुल्काची प्रतिपूर्ती मिळते, पण ती मिळेपर्यंत घरच्यांची ओढाताण होतेच. शासनाचं विद्यावेतन कित्येक वर्षं महिन्याला ४० रुपये होतं. २०२३ मध्ये ते ५०० करण्याचा निर्णय झाला. निर्णय चांगलाच आहे, पण ५०० रुपयांत शहरातली खाणावळ आठवडाभरसुद्धा धड चालत नाही.

मुलगा कोर्स सोडतो तो अभ्यास झेपत नाही म्हणून, असं बाहेरच्यांना वाटतं. मी पाहिलेली बहुतेक गळती पहिल्या दोन-अडीच महिन्यांतली आहे आणि तिचं कारण मशिनशी संबंधित नसतं. मुलगा आधी सोमवारी यायचा बंद होतो, कारण रविवारी गावी गेला की परतीच्या भाड्याची अडचण असते. मग हजेरी ऐंशी टक्क्यांच्या खाली जाते. तेवढी नसेल तर परीक्षेला बसता येत नाही हे त्याला माहीत असतं, म्हणून तो पुढे येतच नाही. गणपतीला गावी गेलेली मुलं दसऱ्यापर्यंत न परतल्याचं मी अनेकदा पाहिलं आहे. अशा मुलाला जानेवारीत पंचवीस हजार द्यायचे म्हटलं तर द्यायला तो वर्गात हवा ना. ऑगस्टमध्ये सहा हजार मिळाले असते तर बहुधा राहिला असता.

दुसरी फट कोर्स संपल्यावर येते, आणि तिच्याकडे जवळजवळ कुणाचंच लक्ष जात नाही. दोन वर्षं झाली, अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा पास झाला, राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळालं. आता त्याला शिकाऊ उमेदवार म्हणून एखाद्या कारखान्यात लागायचं आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली ही सोय आहे, आणि तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना ठरावीक टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात. २०१९ च्या सुधारित नियमांत आयटीआय उत्तीर्ण उमेदवाराला महिन्याला किमान ७,००० रुपये विद्यावेतन धरलं होतं, आणि अनेक कारखाने किमानपेक्षा जास्त देतात. पण हे पैसे महिना भरल्यावर हातात येतात. चाकणला किंवा रांजणगावला खोलीचं डिपॉझिट मात्र पहिल्या दिवशी लागतं. इथे आठ हजार रुपये हातात नाहीत म्हणून दोन वर्षं शिकलेला टर्नर (लेथ मशिनवर काम करणारा) गावाजवळच्या पेट्रोल पंपावर लागतो. सहा महिन्यांनी भेटला तर म्हणतो, "सर, जाणारच होतो, पण राहून गेलं." एकदा राहून गेलं की बहुतेकांचं कायमचं राहतं, कारण मशिनपासून वर्ष-दीड वर्ष लांब गेलेल्या मुलाला पुन्हा उभं करायला कारखाने नाखूश असतात.

मशिन ट्रेडच्या (ट्रेड म्हणजे आयटीआयतला कोर्स) मुलाला ही फट जास्त का बाधते, तेही लक्षात घ्या. इलेक्ट्रिशियनचा मुलगा गावात वायरिंग करू शकतो, मोटार बांधू शकतो, म्हणून प्रवेशाच्या वेळी तो ट्रेड आधी भरतो. वेल्डर गावातल्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये लागतो. टर्नर, मशिनिस्ट, ग्राइंडर, टूल अँड डाय मेकर यांना मशिन लागतं, आणि मशिन एमआयडीसीत असतं. म्हणजे त्यांना गाव सोडावंच लागतं. एकेकाळी मोठे कारखाने स्वतःची ॲप्रेंटिस शाळा चालवून पोरं घडवत असत. त्याही आधी, १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, तेव्हा आसपासच्या खेड्यांतली माणसं कारखान्यातच शिकली आणि तिथल्याच वसाहतीत राहिली. आज शिकणं एका ठिकाणी, काम दुसऱ्या ठिकाणी आणि घर तिसऱ्याच ठिकाणी असतं. या तिन्हींच्या मधल्या रस्त्याचा खर्च मुलाच्या बापावर पडतो. तुमच्या शिष्यवृत्तीने हा मधला रस्ता उचलावा असं मला मनापासून वाटतं.

आता आकडे. बारा लाखांवर साडेसहा टक्क्यांनी वर्षाला ७८,००० रुपये व्याज येतं. सगळं वाटून टाकू नका, नाहीतर दहा वर्षांनी तेवढ्याच रकमेत निम्मं साहित्यही येणार नाही. मी असं बसवेन: दरवर्षी तीन नवी मुलं. प्रत्येकाला प्रवेशाच्या आठवड्यात ६,००० रुपये. दसऱ्याच्या सुमारास ३,००० रुपयांचं साहित्य. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला ४,०००. आणि शिकाऊ उमेदवारीचं किंवा नोकरीचं पत्र दाखवल्यावर त्याच आठवड्यात ८,०००. एका मुलामागे एकूण २१,००० होतात. तुम्ही ठरवलेल्या रकमेपेक्षा कमीच आहेत, पण ते जेव्हा लागतात तेव्हा मिळतील.

कोर्स दोन वर्षांचा असल्यामुळे खर्च टप्प्याटप्प्याने चढतो, हे नवीन देणगीदारांच्या ध्यानात येत नाही. पहिल्या वर्षी फक्त २७,००० लागतील, दुसऱ्या वर्षी ३९,०००, आणि तिसऱ्या वर्षापासून ६३,०००. पहिल्या दोन वर्षांत वाचलेले ९०,००० सरळ मूळ रकमेत टाका. तिसऱ्या वर्षानंतरही पंधरा हजारांच्या आसपास दरवर्षी मागे पडतील. व्याजदर खाली आले तर ही शिल्लक उपयोगी पडेल.

तीनऐवजी दहा मुलांना थोडं-थोडं द्यावं असं भावंडांपैकी कुणी म्हणेल. दोन हजारांनी कुणाचं डिपॉझिट भागत नाही. तीनच घ्या, पण शेवटपर्यंत सांभाळा.

निवडीबद्दल माझं मत ठाम आहे. दहावीच्या गुणांवर आयटीआयचा प्रवेश आधीच झालेला असतो. तीच चाळणी पुन्हा लावून काय मिळणार? ज्याला ऐंशी टक्के आहेत तो बहुधा पॉलिटेक्निकला जातो. ग्राइंडरच्या वर्गात बसलेल्या मुलाला पंचावन्न असतील, एखादा विषय दुसऱ्या प्रयत्नात सुटला असेल, आणि त्याचा हात इतका सरळ चालत असेल की बघत राहावं. म्हणून निवड दोन टप्प्यांत करा. पहिले सहा हजार फक्त गरज बघून द्या: घर किती लांब, वसतिगृह मिळालं का, घरात कमावणारं कोण. हे निदेशक पहिल्या आठवड्यात सांगू शकतो. हे सहा हजार तीनऐवजी चार-पाच मुलांना दिलेत तरी हरकत नाही, मागे पडणाऱ्या पैशात ते बसतं. त्यांतून पुढे न्यायची तीन मुलं सहा-सात आठवड्यांनी वर्कशॉपमध्ये बघून ठरवा.

वर्कशॉपमध्ये काय बघायचं ते सविस्तर सांगतो, कारण तुमच्यापैकी कुणी तिथे उभं राहावं अशी माझी इच्छा आहे. मशिन ट्रेडचा मुलगा सुरुवातीचे आठवडे बेंचवर असतो. व्हाइसमध्ये (पकड-शिकंज्यात) माइल्ड स्टीलचा तुकडा धरून फाइल मारणं, हॅकसॉने कापणं, मार्किंग करणं, काटकोनात आणणं. तुकडा काटकोनात आला की नाही हे बघायला तो ट्राय स्क्वेअर लावतो आणि उजेडाकडे धरतो. पातं आणि जॉब (घडवायचा तुकडा) यांच्या मधून उजेडाची रेघ दिसली की तिथे खोल आहे. काही मुलं स्क्वेअर लावतात, उजेड दिसतो, तरी "झालं सर" म्हणून जॉब टेबलावर ठेवतात. काही मुलं न सांगता पुन्हा व्हाइसकडे वळतात. एखादा मुलगा येऊन म्हणतो, "सर, माझा जॉब मापाखाली गेला, दुसरा तुकडा द्या." या तिसऱ्या मुलाच्या नावापुढे मी खूण करतो. टूलरूममध्ये मापाखाली गेलेला जॉब लपवणाऱ्या माणसाइतका महाग माणूस नाही. त्याने लपवलेले दोन शतांश मिलिमीटर डाय (साचा) प्रेसवर चढल्यावर बाहेर येतात, तोपर्यंत आठ जणांची मेहनत त्यावर गेलेली असते. तुमच्या वडिलांनी टूलरूममध्ये उभी हयात काढली, म्हणजे त्यांना हे ठाऊक असणारच.

आणखी लहान गोष्टी आहेत. फाइलच्या दात्यांत अडकलेला कीस तो वायर ब्रशने काढतो का. व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) वापरून झाल्यावर पुसून डबीत ठेवतो की फायलींच्या ढिगावर टाकतो. लेथवर गेला असेल तर चकची (जॉब पकडणाऱ्या भागाची) चावी काढूनच स्टार्टरकडे हात नेतो का. ही शेवटची गोष्ट सुरक्षेची आहे, तिच्यात सूट नाही. गुण देण्यासाठी निदेशक आणि वडिलांच्या जुन्या सहकाऱ्यांपैकी एक जण पुरे. घरच्या माणसांनी उभं राहून बघावं, मुलांशी बोलावं, पण गुण देऊ नयेत. पुढे कुणी ओळखीचा मुलगा घेऊन दारात आला तर तुम्हालाच नाही म्हणणं सोपं जाईल.

ट्रेड कोणता धरायचा? तुम्ही "आयटीआयचे विद्यार्थी" असं मोघम लिहिलं आहे. माझी सूचना अशी की वडिलांचाच ट्रेड पहिला ठेवा: मशिनिस्ट (ग्राइंडर). दोन वर्षांचा आहे आणि सगळीकडे चालत नाही, त्यामुळे जवळच्या कोणत्या आयटीआयत तुकडी आहे ते आधी विचारा. तिथे तुकडी नसेल किंवा मुलं कमी असतील तर टर्नर, मशिनिस्ट आणि टूल अँड डाय मेकर हे क्रमाने लिहून ठेवा. ग्राइंडरकडे मुलं सहसा आपण होऊन वळत नाहीत. धूळ, कूलंटचा वास, आणि काम दिसायला कंटाळवाणं. पण चांगल्या ग्राइंडरला टूलरूममध्ये जो मान आहे तो बाहेरच्यांना कळत नाही. टर्निंग, मिलिंग, हीट ट्रीटमेंट सगळं झाल्यावर जॉब शेवटी त्याच्याकडे येतो, आणि तो बिघडला तर मागचं सगळं वाया.

वडिलांचं काम तुम्ही लहानपणी पाहिलं असेल-नसेल, म्हणून लिहितो. नवा ग्राइंडिंग व्हील मशिनवर चढवण्याआधी ग्राइंडर तो कोरडा आणि स्वच्छ आहे ना बघतो, भोकात बोट किंवा दांडी घालून लोंबकळता धरतो आणि स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने कडेजवळ हलकेच टिचकी मारतो. व्हील अखंड असेल तर खणखणीत आवाज येतो. तडा असेल तर बद्द वाजतो, आणि तो व्हील तिथेच बाद होतो. कारण तडा गेलेला व्हील पूर्ण वेगात फुटला तर समोरच्याचा जीव जातो. मग सरफेस ग्राइंडरवर जॉब ठेवण्याआधी बंद मशिनच्या मॅग्नेटिक चकवरून तळहात फिरवतो. डोळ्याला न दिसणारा कण हाताला लागतो, आणि तो कण जॉबखाली राहिला तर माप गेलं. शेवटी कट न देता टेबल दोन-चार वेळा नुसतं फिरवतो, ठिणग्या विझेपर्यंत, तेव्हा पृष्ठभाग खरा सपाट होतो. हे कसब असलेली पिढी आता सत्तरीकडे झुकली आहे. सीएनसी (संगणकावर चालणारी मशिनं) आलं तरी व्हीलचा आवाज ओळखायला माणूसच लागतो.

त्यामुळे तुमच्या बारा लाखांइतकीच मोलाची दुसरी एक ठेव तुमच्याकडे आहे: वडिलांचे सहकारी. त्यांतले जे धडधाकट आहेत त्यांना वर्षातून दोनदा वर्कशॉपमध्ये न्या. भाषण नको. एकदा व्हील बॅलन्स करणं आणि डायमंड ड्रेसरने ड्रेस करणं (हिऱ्याच्या टोकाने त्याची धार ताजी करणं), एकदा हातावर टूल बिट घासून त्याचे कोन काढणं, एवढंच त्यांनी मुलांच्या शेजारी उभं राहून करावं. जाण्या-येण्याचा खर्च आणि जेवण शिष्यवृत्तीतून द्या. आयटीआयच्या प्राचार्यांची लेखी परवानगी आधी घ्या, आणि सेफ्टी शूज, गॉगल त्यांच्यासाठीही लागतात हे विसरू नका.

साहित्याबद्दल. तीन हजारांत चांगले सेफ्टी शूज, गॉगल, स्टील रूल, ट्राय स्क्वेअर आणि साधा ०.०२ मिलिमीटरचा व्हर्नियर बसतो. महागडा डिजिटल मायक्रोमीटर देण्याचा मोह होईल, तो टाळा. कारखान्यात गेल्यावर स्वतःचं मापनसाधन बहुतेक ठिकाणी वापरू देत नाहीत, कारण तिथे प्रत्येक उपकरणाचं कॅलिब्रेशन आणि नोंद ठेवावी लागते. मुलाचा व्हर्नियर हा शिकण्यासाठी आहे, वाचन पक्कं होण्यासाठी. डिजिटलवर आकडा आयता येतो, डोळा शिकत नाही. जोडीला चेन्नईच्या राष्ट्रीय अनुदेशात्मक माध्यम संस्थेची, म्हणजे निमीची, ट्रेडची पुस्तकं द्या. ती मराठीतही निघतात. मिळाली नाहीत तर आयटीआयच्या ग्रंथालयाला मागवायला सांगा. इंग्रजीला बिचकणाऱ्या मुलाचं थिअरीचं भय त्यांनी खूप कमी होतं.

हे साहित्य द्यायला माझ्या मते खंडेनवमीचा दिवस सगळ्यांत योग्य. त्या दिवशी प्रत्येक वर्कशॉपमध्ये मशिनं पुसली जातात, हत्यारांची पूजा होते, झेंडूच्या माळा लागतात. सगळे तिथेच असतात, वेगळा समारंभ, मांडव, शाल-श्रीफळ, पाहुणे काही लागत नाही. मुलाला व्यासपीठावर बोलावून "गरीब पण होतकरू" असं माइकवर म्हणू नका. सतरा वर्षांच्या मुलाला ते फार लागतं. मी एका मुलीला अशा कार्यक्रमानंतर पाकीट परत करताना पाहिलं आहे, आणि ती बरोबर होती. पैसे सरळ खात्यात, हत्यारं हातात, एवढं पुरे.

मुलींचा विषय निघालाच आहे. आयटीआयत मुलींसाठी तीस टक्के जागा राखीव आहेत, पण मशिन ट्रेडमध्ये त्या जागा बऱ्याचदा मुलींअभावी इतरांकडे जातात. मुली मशिनवर कमी पडत नाहीत. ग्राइंडिंगला लागणारी सबुरी मी त्यांच्यात जास्त पाहिली. अडते ती राहण्याची सोय. तीनपैकी एक जागा मुलीसाठी ठेवा, तिच्या प्रवेशाच्या हप्त्यात वसतिगृहाच्या फरकाचे दोन-तीन हजार वाढवा, आणि त्या वर्षी मुलगी नसेल तर जागा रिकामी न ठेवता मुलाला द्यावी हेही नियमात लिहा.

अर्ज एका पानाचा, मराठीत. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, जातीचा दाखला हे सगळं मुलाने प्रवेशाला आणि महाडीबीटीला आधीच दिलेलं असतं. पुन्हा झेरॉक्सचा गठ्ठा मागू नका. निदेशकाची सही, बँक पासबुकाचं पहिलं पान आणि चार ओळींत घरची माहिती पुरते. एक मात्र विचारून घ्या: तो दुसरी कोणती शिष्यवृत्ती घेतो आहे का. काही योजनांमध्ये दोन शिष्यवृत्त्या एकत्र घेऊ नयेत अशी अट असते, आणि तुमच्या सहा हजारांपायी त्याची मोठी रक्कम जाऊ नये. अर्जाच्या मागच्या बाजूला वडिलांबद्दल छापा. गौरव नको, माहिती हवी: कुठल्या गावचे, कुठे शिकले, कोणत्या मशिनवर काम केलं, काय बनवलं. ते वाचून मुलाला कळेल की हे नाव त्याच्याच कामाच्या माणसाचं आहे.

पैसे कुठे ठेवायचे हा तुमचा शेवटचा प्रश्न. स्वतःचा ट्रस्ट काढू नका. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षीचं ऑडिट, विश्वस्त बदलला की बदल अर्ज, आयकराची वेगळी नोंदणी. बारा लाखांच्या मानाने हा व्याप फार आहे. माझा सल्ला असा की पहिली दोन वर्षं पैसे तुमच्याच नावावर ठेवा आणि मुलांना थेट खात्यावर द्या. यात 80-जीची (१९६१ च्या आयकर कायद्यातलं देणगीवरच्या करसवलतीचं कलम) सवलत मिळणार नाही, कारण ती नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या देणगीवर असते, व्यक्तीला दिलेल्या मदतीवर नाही. पण त्या दोन वर्षांत नियम तावून-सुलाखून निघतील. मग एखाद्या जुन्या, 80-जी नोंदणी असलेल्या शैक्षणिक ट्रस्टला ही रक्कम कायम निधी म्हणून द्या. देताना पत्रात "कायम निधीसाठी" असे शब्द स्पष्ट लिहा आणि नियमांचं एक पान जोडून त्यावर विश्वस्तांच्या सह्या घ्या.

पैसे आयटीआयच्या संस्था व्यवस्थापन समितीकडे (प्राचार्य आणि उद्योगातले लोक मिळून चालवतात ती) ठेवावेत का, असंही काही जण सुचवतील. समिती चांगली चालत असेल तर वाईट नाही. पण प्राचार्यांची बदली होते, उद्योगाकडून आलेले अध्यक्ष बदलतात, आणि नव्या माणसाला तुमच्या निधीची माहिती नसते. वितरणाला समिती, ठेवीला ट्रस्ट, अशी विभागणी मला जास्त सुरक्षित वाटते. दोन्हीकडे जातीची किंवा समाजाची अट घालू नका. 80-जीच्या नियमांत विशिष्ट धर्म किंवा जातीपुरत्या संस्थांना सवलत नाही, आणि ट्रेड व गरज हे दोन निकष तुमच्या हेतूला पुरेसे आहेत. नात्यातल्या मुलाला या निधीतून द्यायचं नाही, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवा.

मुलाने कोर्स मध्येच सोडला तर दिलेले पैसे परत मागू नका. पुढचा हप्ता थांबेल एवढंच. मात्र सोडल्याचं कळताच कुणीतरी त्याच्या घरी फोन करावा, कारण पंधरा दिवसांच्या आत बोलणं झालं तर निम्मी मुलं परत येतात असा माझा अनुभव आहे. हे काम तुमच्या भावंडांपैकी एकाने घ्यावं. पुढच्या हप्त्यासाठी गुणांची अट ठेवू नका, ऐंशी टक्के हजेरीची ठेवा. एखादा पेपर राहिला तर एक संधी द्या. अमुक कारखान्यातच लागलं पाहिजे, अमुक वर्षं काम केलं पाहिजे असली बंधनंही नकोत.

शेवटचं कलम बंद पडण्याचं. ट्रेडच्या तुकड्या बंद होतात, नवे अभ्यासक्रम येतात, नावं बदलतात. वीस वर्षांनी ग्राइंडरची तुकडी कुठेच नसेल तर काय, हे आजच लिहा. मी असे शब्द सुचवेन: "धातूवर मशिनने मापात काम करण्याचं शिक्षण देणारा, त्या वेळी चालू असलेला कोणताही अभ्यासक्रम." प्रवेशाच्या याद्या लागण्याआधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात, निदेशकांना भेटा. त्या भेटीला वडिलांच्या सहकाऱ्यांपैकी एकाला बरोबर न्या, वर्कशॉपच्या माणसाला वर्कशॉपच्या माणसाशी बोलणं सोपं जातं. ऑगस्टच्या पहिल्या हप्त्याचे पैसे त्याआधी बचत खात्यात मोकळे ठेवा, मुदत ठेवीत अडकवू नका.